परतीचा मुक्काम

बोटीतून फिरून आलो हे दिंडीतल्या माउलींना कळले तेव्हा पहिला प्रश्न आला तो एकादशीचा. "काय महाराज, समुद्रात एकादशी धरली का बुडवली?" विचारणाऱ्याच्या आवाजात अर्धी काळजी होती आणि अर्धी चेष्टा. एकादशी धरली होती. पण त्या एकादशीला जे ऐकावे लागले ते मी तेव्हा कुणाला सांगितले नाही. आज सांगतो. सांगितल्याशिवाय येत्या आषाढीला आळंदीहून पाऊल उचलणे मला जड जाईल.

मी वाई तालुक्यातल्या एका खेड्यात पिठाची गिरण चालवतो. १९९१ साली कर्ज काढून ती घातली. १९९५ पासून ज्ञानोबा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जातो. २०२० आणि २०२१ ला करोनामुळे पादुकाच एसटीने पंढरीला गेल्या, तेवढी दोन वर्षे सोडली तर एकही वारी चुकलेली नाही. हे मी सांगतो तेव्हा ऐकणारा वाकून माझ्या पायांना हात लावतो. इतकी वर्षे तो हात लावून घेताना मला कधी अवघडले नाही.

मुलगा डोंबिवलीला असतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून त्याने परस्पर क्रूझची तिकिटे काढली. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई, अशा पाच रात्री. मी नको म्हणालो. माझे सगळे प्रवास एकाच गावचे. शिवाय मध्ये फाल्गुनातली एकादशी येत होती, माळकऱ्याने असल्या ठिकाणी जावे का हाही प्रश्न होता. आमची मंडळी मात्र लगेच हो म्हणाली. नातीची हौस म्हणून, असे कारण तिने दिले. चाळीस वर्षांत तिने एखाद्या गोष्टीला इतक्या पटकन हो म्हटलेले मला आठवत नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

बोटीचे वर्णन मी फार करत नाही, ते मला जमणारही नाही. अकरा मजले, लिफ्ट, गालिचे, रात्री उशिरापर्यंत गाणी. पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करून जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते दाखवले, तेवढे मात्र मी मन लावून ऐकले. गोव्याला मुरगाव बंदरात उतरलो, देवळे पाहिली. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्यापर्यंत जात नाही, ती लांब उभी राहते आणि लहान होडीतून अगत्ती बेटावर नेतात. तिथल्या पाण्याचा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता. मंडळी नातीचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेली आणि उभीच राहिली. अर्धा तास झाला तरी हलेना. मी किनाऱ्यावर चपला सांभाळत होतो. होडीवाला हाका मारायला लागला तेव्हा ती वळली. तिचा चेहरा मला ओळखू येईना, असे क्षणभर झाले.

शेवटचा दिवस सगळा समुद्रातच होता. आदल्या रात्री दाराच्या फटीतून एक कागद आत सरकवलेला होता. मुलाने वाचून दाखवला. सामानाला अमुक रंगाची चिठ्ठी बांधा, रात्री झोपण्याआधी बॅगा दाराबाहेर ठेवा, त्या आम्ही नेऊ आणि सकाळी धक्क्यावर तुमच्या रंगाच्या रांगेत मिळतील. सकाळची औषधे आणि घालायचे कपडे जवळ ठेवा. बोटीवर झालेल्या खर्चाचे बिल तपासून घ्या. मी मुलाला म्हटले, यात नवीन काय आहे? आमच्या दिंडीत पहाटे हेच चालते. पिशवीवर नाव आणि दिंडीचा नंबर, पिशवी ट्रकात, ट्रक पुढच्या मुक्कामाला जाऊन तंबू ठोकणार आणि आपण मोकळ्या हातांनी चालणार. पंढरपूरला पोचल्यावर भिशीचा हिशोब. हे मी मोठ्या दिमाखाने सांगितले. त्याचे फळ दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाले, ते पुढे येईल.

एकादशीचे म्हणाल तर ती सोय एका पोराने केली. आमच्या खोल्या झाडायला येणारा मुलगा चिपळूणकडचा निघाला. पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यातली माळ आणि कपाळावरचा बुक्का पाहून त्याने "राम कृष्ण हरी" केले. त्याचे आजोबा कार्तिकीची वारी करायचे म्हणे. आदल्या दिवशी त्याला एकादशीचे सांगून ठेवले होते. सकाळी तो ताटात उकडलेले बटाटे, भाजलेले शेंगदाणे, केळी आणि दही घेऊन आला. "रताळं मिळालं नाही काका," असे अपराधी चेहऱ्याने म्हणाला. खालच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलांवर काय काय मांडलेले असते आणि त्यातले किती टाकून दिले जाते हे पाच दिवस पाहून माझे डोके दुखत होते. त्या बटाट्यांनी बरे वाटले.

मी त्याला विचारले, घरी कधी जाणार? म्हणाला, सात महिने झाले, अजून दोन आहेत. मी म्हटले, अरे बोट तर पाच-सहा दिवसांनी मुंबईला लागते, चिपळूण तिथून किती लांब? तो हसला. "काका, सकाळी तुम्ही उतरता. दुपारी दुसरे चढतात. संध्याकाळी निघतो. मधल्या वेळात या सगळ्या खोल्यांच्या चादरी बदलायच्या. धक्क्यावर उतरून आईला फोन लावतो, ती विचारते कुठं आहेस, मी म्हणतो मुंबईत. मग ती काही बोलतच नाही."

हे ऐकताना मंडळी माझ्या शेजारी बसून शेंगदाणे सोलत होती. तिने त्याच्या हातावर दोन केळी ठेवली. तो नको नको म्हणत होता तरी ठेवली.

दुपारी मुलगा, सून आणि नात पोहण्याच्या हौदावर गेली. आम्ही दोघे बोटीच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. तिथे गर्दी नसते, कारण वारा फार आणि यंत्राचा घरघराट. तो घरघराट आम्हा दोघांना गोडच लागत होता, गिरणीत आयुष्य गेले. बोटीमागे पाण्यात पांढरी वाट पडत होती आणि लांब जाऊन विरत होती. ती बराच वेळ त्या वाटेकडे बघत होती. मग म्हणाली, "मला घरी जावंसं वाटत नाही."

मी हसलो. म्हटले, घरी काय कमी आहे?

"कमी काही नाही. पाच दिवस कुणी दळणाचा डबा घेऊन दारात उभं राहिलं नाही, एवढंच." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही वारीहून येता तेव्हा पहिले दोन दिवस कुणाशी बोलत नाही. घरात असून नसल्यासारखे असता. मला वाटायचं, यांना आमचा कंटाळा आलाय. आज कळलं कसं होतं ते."

मी म्हटले, तसे काही नसते, पायांना सवय झालेली असते चालण्याची, झोपेतही पाय चालतात. ती म्हणाली, "तेच ते. पण एकदा तरी विचारायचं होतंत, येतेस का म्हणून."

वाचक माउली, तेव्हा मी जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, तू कशी येणार होतीस? गिरण कोण बघणार, आई अंथरुणाला, पोरे लहान, ऐन पेरणीचे दिवस. हे सगळे खरे होते. तिने बोटे मोडत उत्तर दिले. सासूबाई जाऊन अकरा वर्षे झाली. मुलगा नोकरीला लागून चौदा. मुलगी तिच्या घरी सुखात आहे. रान सात वर्षांपूर्वी वाट्याने दिले. गिरणीवर गडी आहे त्यालाही आता सहा वर्षे होतील. "तुमच्या दिंडीत बायका नाहीत का?" तिने विचारले. आहेत. निम्म्याहून जास्त बायका आहेत. डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या त्या माउलींच्या मागे मी एकोणतीस वर्षे चाललो. त्यांची घरे कोण बघत असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नाही असे नाही. त्यांच्या घरी करणारे असेल, असे वाटून मी पुढे चालत राहिलो.

आता इथे मला हाताच्या खुणेबद्दल सांगावे लागेल.

२००४ सालची गोष्ट. आषाढाचे दिवस, हवा दमट. गिरणीचा पट्टा अशा हवेत घसरतो, मग त्याला राळ लावावी लागते. मी वारीत होतो. पट्टा घसरला म्हणून ती बघायला गेली आणि तिचा पदर पट्ट्यात सापडला. शेजारच्या पोराने बटण बंद केले म्हणून निभावले. कोपरापाशी सहा टाके पडले. मला निरोप गेला नाही. दरवर्षी पालखी लोणंदला असते तेव्हा ती सकाळच्या एसटीने येई. भाकरी, ठेचा, घरचे लोणी, अर्धा तास बसायची, पायाला तेल लावून द्यायची आणि परतीची गाडी धरायची, कारण संध्याकाळची दळणे असत. लोणंद आमच्यापासून काही फार लांब नाही. त्या वर्षी ती आली नाही. मी मनात म्हटले, गिरणीला गर्दी असेल. दिंडीत त्या दिवशी पिठले होते, ते खाल्ले. पंढरपूरहून घरी आलो तेव्हा टाके काढून झाले होते.

ही गोष्ट मी नंतर दिंडीत कितीतरी वेळा सांगितली आहे. मुक्कामाला रात्री बोलणे निघाले की सांगायचो, आमच्या मंडळींचा हात गेला असता, पण निरोप पाठवला नाही, माझी वारी मोडू नये म्हणून. ऐकणारे गहिवरून जात. एका कीर्तनकार महाराजांनी तर ती कीर्तनात घेतली, नाव न घेता. मलाही ते ऐकून डोळ्यांत पाणी आले होते.

बोटीवर त्या दुपारी तिच्या हाताकडे बघून मी तेच म्हणालो. म्हटले, तू तर माझी वारी मोडू नये म्हणून एवढे सोसलेस, आणि आज असे बोलतेस?

ती समुद्राकडेच बघत होती. म्हणाली, "वारी मोडू नये म्हणून नाही. निरोप पाठवला असता आणि तुम्ही आला नसतात, तर? ते मला कळून घ्यायचं नव्हतं. म्हणून नाही पाठवला."

यंत्राचा घरघराट चालूच होता. मी उत्तर शोधत होतो. आलो असतो, असे म्हणायला तोंड उघडले. पण माळ गळ्यात, दिवस एकादशीचा. खोटे बोलवेना. मी आलो असतो का? लोणंदहून वाईची एसटी धरून, खांद्यावरची पताका दुसऱ्याच्या हातात देऊन? कदाचित आलो असतो. कदाचित कुणाला तरी सांगितले असते, जाऊन बघून ये आणि मला पुढच्या मुक्कामाला कळव. दुसरे जास्त शक्य वाटते. तिनेही उत्तराची वाट पाहिली नाही. "आता गुडघे गेले," एवढे म्हणून ती उठली आणि नातीला शोधायला कठड्याला धरत धरत गेली.

संध्याकाळी खोलीत हरिपाठाला बसलो. एरवी गावात देवळात वीस-पंचवीस जण असतो. तिथे मी एकटा. बोट थोडी डोलत होती. चौथ्या-पाचव्या अभंगापाशी अडखळलो. ज्याचा नेम तीस वर्षांचा आहे तो हरिपाठात अडखळला. ती पलंगावर बसून कपडे घड्या करत होती. माझ्याकडे न बघता तिने पुढचे चरण म्हटले, आणि मग शेवटपर्यंत माझ्याबरोबर म्हणत राहिली. तिला हरिपाठ सगळा तोंडपाठ आहे हे मला त्या दिवशी कळले. गिरण चालू असताना म्हणते म्हणे, आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

रात्री तिने बॅगा भरून दाराबाहेर ठेवल्या. मला झोप लागेना. पडल्या पडल्या मी माउलींच्या परतीच्या पालखीचा विचार करत होतो. जाताना लाखो माणसे असतात, टीव्हीवाले असतात, रस्ते अडवलेले असतात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला झाला की माणसे एसटी, ट्रक, रेल्वे धरून घरोघर जातात. मीही जातो. पण पादुकांना परत आळंदीला जायचे असते. ती पालखी थोड्या माणसांनिशी मोठे मोठे टप्पे टाकत आळंदीत पोचते. तिच्याबरोबर चालणारे वारकरी असतात, मोजके. जाण्यापेक्षा परतणे अवघड असे त्यातले एक म्हातारे बाबा मला एकदा म्हणाले होते. मी विचारले, का? ते म्हणाले, "जाताना इठोबा बोलावतो. येताना कोण बोलावतंय ते ज्याचं त्यानं बघायचं." तेव्हा मी मान डोलावली होती.

पहाटे जाग आली ती सुनेच्या हाकेने. मुंबईचे दिवे दिसायला लागले होते. फोनला रेंज आल्यामुळे सगळ्यांचे फोन एकदम वाजत होते. मी तोंड धुतले आणि धोतर मागितले. धोतर बॅगेत होते. सदराही बॅगेत होता. बॅगा रात्रीच गेल्या होत्या. मंडळी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, दिंडीत असंच असतं, मला सगळं ठाऊक आहे? मला वाटलं तुम्ही तुमचं काढून ठेवलं असेल." तिने स्वतःचे लुगडे बरोबर काढून ठेवले होते. शेवटी मी रात्रीचा पायजमा आणि मुलाचा एक टीशर्ट घालून, डोक्याला टोपी लावून बोटीवरून उतरलो. टीशर्टवर छातीभर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत काहीतरी लिहिले होते. नात सगळ्या जिन्याभर हसत होती. मंडळीही हसली. आदल्या दुपारनंतर ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी तो टीशर्ट घरापर्यंत तसाच ठेवला.

जाताना आमच्या खोलीचे दार उघडे होते. चिपळूणचा मुलगा आत चादरी ओढत होता. आमची उशी त्याच्या काखेत होती. मी हाक मारली तर त्याने दारात येऊन वाकून नमस्कार केला, आणि लगेच पुढच्या खोलीकडे पळाला. मंडळीने त्याच्या आईचा नंबर लिहून घेतला होता.

परळला मुलाने आम्हाला साताऱ्याच्या एसटीत बसवले. पुण्यापर्यंत दोघेही गप्प. मला जमीन हलतेय असे वाटत होते, बोटीवरून उतरल्यावर दोन दिवस तसे वाटते म्हणे. शिरवळ गेले. खंबाटकीचा घाट चढताना ती म्हणाली, "पोळ्यांचं पीठ संपलंय घरात." मी म्हटले, गिरणवाल्याच्या घरात पीठ नाही? ती म्हणाली, "कधी असतं?" सुरूर फाट्याला उतरलो तेव्हा ऊन कलले होते.

मी वारीहून येतो तेव्हा काय होते ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. वेशीपाशी कुणीतरी पाहते, निरोप आधीच घरी जातो. दारात पोचेपर्यंत तांब्या भरलेला असतो. ती पायांवर पाणी घालते, मुले पाया पडतात, मी पिशवीतून बुक्का, लाह्या, बत्तासे काढतो, शेजारी गोळा होतात. एकोणतीस वेळा हे झाले. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभे राहून वाट बघणे कसे असते ते मला ठाऊक नव्हते. आणि आज दाराला कुलूप होते. किल्ली शेजारी. तुळशीला शेजारणीने पाणी घातले होते, तेवढेच ओले होते. बाकी अंगणात पाला.

मी किल्ली आणून कुलूप काढले आणि तिला म्हटले, थांब. आत गेलो. तांब्या सापडेना. चाळीस वर्षे ज्या घरात राहतो तिथे तांब्या कुठल्या फडताळात असतो ते मला माहीत नव्हते. शेवटी लोटा सापडला तर नळाला पाणी नाही, जाताना मीच वरची चावी बंद केली होती. ती चावी उघडायला मागच्या दारी गेलो. एवढे सगळे होईपर्यंत ती बाहेर पिशवी धरून उभी होती. लोटा घेऊन आलो आणि तिच्या पायावर पाणी घातले.

"अहो, काय करताय? लोक बघतात."

बघू देत, मी म्हणालो. तिने पाय मागे घेतले नाहीत. पण तिच्या चेहऱ्यावर काही फार आनंद वगैरे दिसला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. पायाकडे बघत म्हणाली, "आता चहा टाकायलाही जमतंय का बघा." मी चहा टाकला. साखर तिने सांगितली तिथे होती. चहा खाली ठेवतो न ठेवतो तोच दारात हाक आली, "वहिनी, आलात का? सहा दिवस दळण थांबलंय, तुमच्या गड्याला बारीक जमत नाही." खालच्या आळीतली बाई डबा घेऊन उभी. मंडळीने माझ्याकडे पाहिले. मी डबा घेतला आणि गिरणीत गेलो. बारीक दळायला मला जमते, गिरण माझीच आहे. पण त्या बाईने ते पीठ चिमटीत घेऊन तीनदा पाहिले.

त्यानंतर आठवडाभराने मी दिंडीचालकांना भेटून आलो. म्हटले, यंदा आमची मंडळी येईल, चालणे जमायचे नाही. ते म्हणाले, काही अडचण नाही, आपल्या ट्रकात कितीतरी म्हाताऱ्या माउली बसून येतात, मुक्कामावर स्वयंपाकाला हातभार लावतात. मी आनंदाने घरी येऊन सांगितले. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे इथं थापते त्या तिथं थापायच्या."

मला बोलता आले नाही. ती पण नंतर काही बोलली नाही. रात्री झोपताना मात्र तिने विचारले, "लोणंदहून तरडगाव किती?" मी म्हटले, वारीतला सगळ्यात लहान टप्प्यांपैकी एक आहे. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो, पहिले उभे रिंगण तिथेच होते. अश्व धावतो. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षे लोणंदपर्यंत आले आणि पुढचं रिंगण कधी पाहिलं नाही. परतीची गाडी साडेअकराला असायची."

डॉक्टरांनी गुडघ्याला रोज थोडे थोडे चालायला सांगितले आहे, एकदम जास्त नको म्हणाले. मी तिला म्हटले, मी बरोबर येतो. ती म्हणाली, तुमचा वेग मला झेपणार नाही. तिचे खरे आहे. वारीत माझा वेग दिंडीत सगळ्यांत जास्त असतो, त्याचाही मला अभिमान होता.

काल गिरणीत दगडाला टाकी लावत बसलो होतो. दळणाला आलेल्या बाईने सांगितले की वहिनी मघाशी ओढ्यापलीकडच्या मारुतीपर्यंत जाऊन आल्या, येताना दोनदा बसल्या. मी हातातली टाकी ठेवली आणि घरी जाऊन पाहिले. ती ओट्यावर पाय सोडून बसली होती, गुडघ्याला तेल लावत. मी शेजारी बसलो आणि तेलाची वाटी माझ्याकडे ओढली. ती म्हणाली, "हात धुवून या आधी. सगळं पीठ आहे."